रंग गुलाबी, गोष्ट मिठाची

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. इथे पडलेल्या पावसाच्या थेंबापुढे दोन वाटा असतात. याच तालुक्यात मांजरा नदी उगम पावते. तिच्याबरोबर निघालेला थेंब गोदावरीला जाऊन मिळतो. सौताड्याच्या धबधब्यावरून विंचरणेत उडी घेणारा थेंब सीना, भीमा असा प्रवास करत कृष्णेत पोहोचतो. वाट कोणतीही असली तरी शेवट एकच, बंगालचा उपसागर. जाताना हा थेंब काळ्या पाषाणातून विरघळलेला चिमूटभर क्षारही सोबत घेऊन जातो. म्हणूनच पाटोद्यातले पाझर तलाव उन्हाळ्यात आटले, तळाला भेगा पडल्या, तरी त्यांचे पाणी कधी गुलाबी झालेले दिसत नाही.

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार येथे पडणाऱ्या थेंबाची गोष्ट वेगळी आहे. खडक तोच, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेला दख्खनचा काळा बेसाल्ट. पाऊसही त्याच मोसमी वाऱ्यांचा. मात्र लोणारच्या विवरात उतरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. तिथून ते फक्त वाफ होऊन जाऊ शकते आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. लोणार सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी का झाले, याचे निम्मे उत्तर या एका गोष्टीत आहे. उरलेले निम्मे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांपाशी आहे.

त्या जूनमध्ये काय घडले?

एरवी लोणारचे पाणी हिरवे दिसते. खाऱ्या आणि क्षारीय पाण्यात जोमाने वाढणारे सूक्ष्म नीलहरित शेवाळ हे त्याचे कारण. जून २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात मात्र सरोवराने रंग पालटल्याचे लोकांच्या लक्षात आले. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने लँडसॅट-८ या उपग्रहाची दोन छायाचित्रे प्रसिद्ध केली. २५ मेच्या छायाचित्रात सरोवर हिरवट होते, १० जूनच्या छायाचित्रात गुलाबी. टाळेबंदीचे दिवस होते. समाजमाध्यमांवर तर्कांना ऊत आला. कोणी चमत्कार म्हटले, कोणी विषारी रसायनांचा संशय घेतला, तर कोणी येऊ घातलेल्या संकटाची चाहूल.

लोणारच्या संवर्धनाविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आधीपासूनच जनहित याचिका सुरू होती. न्यायालयाने या बदलाची दखल घेतली आणि पाण्याचे नमुने तपासण्यास सांगितले. वन विभागाने घेतलेले नमुने नागपूरची 'नीरी' आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे गेले. आघारकर संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. प्रशांत ढाकेफळकर यांनी त्या वर्षी जुलैमध्ये निष्कर्ष सांगितला. हा रंग शेवाळाचा नव्हता, 'हॅलोआर्किया' नावाच्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा होता. पाऊस नसणे, वाढलेले तापमान आणि माणसांचा कमी झालेला वावर या स्थितीत पाण्याची वाफ होत गेली, खारटपणा आणि सामू वाढला आणि या जिवांना अनुकूल दिवस आले.

प्रयोगशाळेत आणखी एक साधी गोष्ट दिसली. गुलाबी पाणी न हलवता ठेवले, तर रंगीत जीव तळाशी बसत आणि वरचे पाणी नितळ होई. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. तो पाण्यात तरंगणाऱ्या असंख्य पेशींचा होता. कपड्याचा रंग पाण्यात उतरला तर तो असा खाली बसत नाही. गढूळ पाण्यातली माती मात्र बसते. लोणारच्या पाण्यात मातीच्या जागी जीव होते, इतकाच फरक.

मीठ आले कुठून?

लोणारचे विवर उल्का आदळून झाले आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्रचंड आघातानेच तयार होऊ शकणारे काचेसारखे पदार्थ इथल्या खडकात आढळल्याने याविषयीची शंका मिटली. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या वयाबद्दल मात्र शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

वय कोणतेही धरले तरी इतका काळ इथे एकच क्रिया चालू आहे. पावसाचे पाणी आणि धार, सीतान्हाणी यांसारखे गोडे झरे विवरात उतरतात. येताना बेसाल्टमधील सोडियम, कॅल्शियम असे घटक थोडे थोडे विरघळवून आणतात. कॅल्शियमचा चुनखडीसारखा साका होऊन तो तळाशी बसतो. सोडियम मात्र पाण्यातच राहतो. ऊन पाणी उचलून नेते आणि सोडियमचे क्षार मागे साठत जातात. चुलीवर ठेवलेल्या आमटीत पाणी आटत गेले की ती खारट लागू लागते. लोणारची आमटी हजारो वर्षे आटते आहे आणि तिच्यात भरही पडते आहे.

यात नेहमीच्या मिठाबरोबर सोड्याचाही मोठा वाटा आहे. म्हणून हे पाणी खारट तर आहेच, पण त्याहून अधिक क्षारीय आहे. त्याचा सामू साधारण साडेनऊ ते साडेदहाच्या घरात मोजला गेला आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि या मापात एक अंक वाढला की क्षारता दहापट होते. खायच्या सोड्याचे द्रावण ८ च्या थोडे पुढे असते, धुण्याच्या सोड्याचे ११ च्या आसपास. लोणारचे पाणी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. ते पिण्याजोगे नाही. डोळ्यांची आणि त्वचेची आग करू शकते. 'औषधी पाणी' म्हणून ते पोटात घेण्यात शहाणपण नाही.

या क्षारांची ख्याती जुनी आहे. लोणार हे नावच 'लवण' या शब्दाशी जोडले जाते. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा इथे सांगितली जाते आणि गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेशी निगडित आहे. अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'त या भागात काच आणि साबण तयार करण्यासाठी लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद आहे. पुढे इंग्रजी अमलातही इथून निघणाऱ्या दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा क्षारांच्या प्रकारांची नोंद झाली.

मिठात कोण जगते?

'लवण' या शब्दाचेच दुसरे अपत्य आपल्या स्वयंपाकघरात आहे, ते म्हणजे लोणचे. लोणचे वर्षभर टिकते, कारण मीठ जंतूंच्या पेशीतले पाणी ओढून घेते. पेशी कोरडी पडते आणि जंतू वाढू शकत नाही. हा नियम बहुतेक जिवांना लागू पडतो. हॅलोआर्कियांनी मात्र त्यावर तोड काढली आहे. ते आपल्या पेशीतच पोटॅशियमचे क्षार भरून ठेवतात. आत आणि बाहेर क्षार सारखेच तीव्र असले की पाणी बाहेर ओढले जात नाही.

या सोयीची किंमतही त्यांना मोजावी लागते. त्यांच्या शरीरातली प्रथिने भरपूर क्षारातच नीट काम करतात. अशा जिवाला गोड्या पाण्यात टाकले, तर त्याची पेशी फुटते. म्हणूनच ते माणसाच्या शरीरात संसर्ग करत नाहीत. आजवर हॅलोआर्कियांमुळे माणसाला रोग झाल्याचे आढळलेले नाही. खारवलेल्या माशांवर किंवा मीठ लावून ठेवलेल्या कातड्यांवर कधी कधी लालसर डाग पडतात, ते यांचेच काम. माल खराब होतो, पण हे रोगजंतू नव्हेत.

आर्किया हा जीवसृष्टीचा एक स्वतंत्र गट आहे. दिसायला ते जिवाणूंसारखे, पण घडणीने वेगळे. त्यांच्यातल्या मीठप्रिय शाखेला रंग का हवा? कारण ज्या उथळ, उघड्या पाण्यात ते राहतात, तिथे सावली नसते. उन्हातील अतिनील किरण पेशीतील जनुकीय द्रव्य मोडतात. बॅक्टेरिओरुबेरिन नावाचे लालसर रंगद्रव्य या माऱ्यापासून पेशीचे रक्षण करते. म्हणजे गुलाबी रंग हा या जिवांचा उन्हातला शेला आहे. पाणी कमी झाले, मीठ वाढले, ऊन तापले की स्पर्धक मागे पडतात, हे जीव वाढतात आणि त्यांच्या शेल्याचा रंग अख्ख्या सरोवराला चढतो.

मिठागरात काम करणाऱ्यांना हा रंग नवा नाही. मीठ धरायच्या आधी कोंडलेले पाणी लालसर होते. लाल पाणी ऊन अधिक शोषते, लवकर तापते आणि त्याची वाफही लवकर होते.

गाजर, रोहित पक्षी आणि दृष्टी

जगातल्या अनेक गुलाबी तळ्यांत हॅलोआर्कियांच्या जोडीला दुनालिएला सलायना हे शेवाळही असते. मूळचे हिरवे असलेले हे शेवाळ मीठ आणि ऊन वाढले की बीटा-कॅरोटीन साठवू लागते आणि केशरी-लाल होते. गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई यांना रंग देणारे द्रव्य हेच. आपले शरीर त्यापासून जीवनसत्त्व 'अ' तयार करते आणि ते दृष्टीसाठी आवश्यक असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हट लगून या गुलाबी खाजणाजवळ तर या शेवाळाची शेतीच होते. त्यातून काढलेले बीटा-कॅरोटीन खाद्यरंग आणि पूरक गोळ्यांसाठी वापरले जाते.

रोहित पक्ष्यांचा म्हणजे फ्लेमिंगोंचा गुलाबी रंगही जन्मजात नसतो. त्यांची पिल्ले करड्या रंगाची असतात. शेवाळ आणि त्यावर जगणारे कोळंबीसारखे बारीक जीव खाऊन याच कुळातील रंगद्रव्ये त्यांच्या पिसांत उतरतात. गुलाबी तळे, गुलाबी पक्षी आणि ताटातली गाजराची कोशिंबीर, असे हे एकच नाते आहे.

'नैसर्गिक' म्हणून गोळ्यांचा अतिरेक मात्र नको. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये जाहीर झाले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळले. भाजी आणि फळांतून मिळणाऱ्या बीटा-कॅरोटीनबद्दल अशी भीती नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, हा त्यातला धडा.

या मीठप्रिय जिवांनी वैद्यकाला आणखी एक देणगी दिली. त्यांच्यापैकी काहींच्या पेशीपटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळे प्रथिन असते. डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी १९७१ मध्ये त्याची ओळख पटवली. उजेड पडला की हे प्रथिन एखाद्या पंपासारखे चालते आणि पेशीला ऊर्जा मिळवून देते. आपल्या डोळ्याच्या पडद्यातले प्रथिनही याच धर्तीचे आहे आणि दोघांनाही जीवनसत्त्व 'अ' कुळातलाच रेणू लागतो. भारतात जन्मलेले नोबेल विजेते हरगोविंद खुराना यांनी आपल्या संशोधनाची पुढची अनेक वर्षे याच प्रथिनाला दिली.

यातूनच उजेडाने पेशींना हुकूम देण्याचे तंत्र विकसित झाले. शेवाळात सापडलेले याच घराण्यातले एक प्रथिन वापरून, आनुवंशिक आजाराने दृष्टी गमावलेल्या एका रुग्णाला खास चष्म्याच्या मदतीने समोरच्या वस्तू काही प्रमाणात ओळखता आल्या. हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. खाऱ्या डबक्यातला जीव कशाला जपायचा, या प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळते.

रंग गेला की काय जाते?

गुलाबी रंग हे शुभचिन्ह की धोक्याची खूण? याचे उत्तर तळ्यागणिक बदलते. इराणचे उर्मिया सरोवर २०१६ च्या उन्हाळ्यात लाल झाले. तिथे नद्यांचे पाणी धरणे आणि शेतीकडे वळवल्याने मोठे सरोवर आक्रसत गेले होते. मीठ घट्ट झाले आणि लाल जीव वाढले. तिथला लाल रंग पाणी हरवल्याची खूण होता.

याउलट ऑस्ट्रेलियातील हिलियर सरोवर हे मुळातच गुलाबी. १८०२ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सच्या मोहिमेत त्याची नोंद झाली होती. २०२२ मधील अतिवृष्टीने त्याचे पाणी पातळ झाले आणि गुलाबी रंग ओसरला. सेनेगलमधील रेत्बा या गुलाबी सरोवरात त्याच वर्षी पुराचे पाणी शिरले आणि तिथेही रंग गेला. ऑस्ट्रेलियातल्याच एस्पेरन्स गावाजवळच्या तळ्याचे तर नावच 'पिंक लेक' आहे, पण ते आता गुलाबी नाही. रस्ता आणि रेल्वेमार्गामुळे पाण्याचा ओघ बदलला आणि वर्षानुवर्षे मीठही काढले गेले.

डॉक्टर ताप पाहतात तो स्वतः आजार म्हणून नव्हे, तर लक्षण म्हणून. गुलाबी रंगही असाच वाचावा लागतो. पाणी आणि मीठ यांचे गणित कोणत्या बाजूला झुकले आहे, ते तो सांगतो.

लोणारमध्ये २०२० चा गुलाबी रंग पावसाबरोबर ओसरला. ते कोरड्या, कडक उन्हाळ्याचे तात्पुरते लक्षण होते. लोणारचा खरा धोका उलट बाजूचा आहे. सरोवरात गरजेपेक्षा जास्त गोडे पाणी आणि वस्तीतले सांडपाणी उतरणे, हा संवर्धनाच्या चर्चेतला जुना मुद्दा आहे. अलीकडच्या काळात पातळी चढून काठावरची प्राचीन मंदिरेही पाण्यात येऊ लागली आहेत. दुष्काळाच्या प्रदेशात पाणी वाढणे ही कोणालाही चांगलीच बातमी वाटेल. लोणारसाठी ती तशी नाही. पाणी जितके पातळ होईल, तितके इथले मीठप्रिय आणि क्षारप्रिय जीव मागे हटतील आणि त्यांची जागा कुठल्याही तळ्यात सापडणारे जीव घेतील. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद त्या बदलाला खतपाणीच घालतील.

२००० मध्ये लोणारला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ते रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतरचे ते राज्यातले दुसरे रामसर स्थळ. दर्जा कागदावर मिळतो, सरोवर मात्र त्याच्या पाण्यातल्या क्षारांवर टिकते. इथे जपायचे आहे ते केवळ पाणी नव्हे, तर पाण्याचा खारटपणा.

मिठाला वाट हवी

हाच हिशेब पाटोद्याच्या आणि मराठवाड्यातल्या इतर शेतकऱ्यांना वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. भारी काळ्या जमिनीला पाणी भरपूर दिले आणि निचरा झाला नाही, तर काही वर्षांनी ढेकळांवर पांढरा थर दिसू लागतो. जमीन खारवट किंवा चोपण झाली, असे म्हणतात. तिथेही गोष्ट लोणारचीच आहे. पाणी आले, उन्हाने वर ओढले, वाफ झाले आणि क्षार मागे राहिले. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असेल, तर हे आणखी लवकर होते. त्यावर उपायाची सुरुवात माती आणि पाण्याच्या तपासणीने होते आणि मुख्य भर निचऱ्यावर असतो. क्षारांना वाहून जायला वाट करून द्यावी लागते. ती नसेल तर नुसते जास्त पाणी देऊन जमीन धुऊन निघत नाही, उलट आणखी बिघडते.

शेतात मिठाला वाट नसणे हे नुकसान आहे. लोणारमध्ये मिठाला वाट नसणे हेच वैभव आहे. एकाच काळ्या पाषाणावर, एकाच पावसात या दोन्ही गोष्टी घडतात. मांजरेच्या उगमाजवळचा थेंब आपले मीठ घेऊन समुद्राकडे निघतो, लोणारचा थेंब ते विवरातच ठेवून आकाशात जातो. पुढच्या एखाद्या कडक उन्हाळ्यात लोणार पुन्हा गुलाबी झाले, तर घाबरण्याचे कारण नाही. पाण्यात मीठ पुरेसे आहे आणि मिठात जगणारे अजून जिवंत आहेत, एवढाच त्याचा अर्थ असेल.